गुरं बांधायची ती जागा

प्रश्न : आम्ही दोघं ठाण्याला राहतो. मी 57 वर्षांची, गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. हे मार्चमध्ये रिटायर होतील. वाई तालुक्यात कृष्णेकाठच्या एका गावातला वाडा विकायचा आहे, त्याची जाहिरात ह्यांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ‘पेशवेकालीन वाडा, नदीला लागून 2 एकर 10 गुंठे, खासगी घाट, पागा-गोठा-कोठार यांचं देखणं रूपांतर, चार खोल्यांचा होमस्टे चालू, वर्षाला 18 लाख उत्पन्न, पेवात (धान्य-हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) वाइन सेलर.’ किंमत 3 कोटी 80 लाख. डिसेंबरात आम्ही दोन रात्री राहून आलो. स्वर्ग आहे. ठाण्याचा फ्लॅट विकून दोघांच्या फंडाचे पैसे घातले तर जेमतेम जमेल. मुलगी म्हणते, आई, वेड लागलंय का तुम्हाला. मालक चार भावंडं, त्यातला एक अमेरिकेत. एजंट म्हणतो, 11 लाख इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आम्ही शेतकरी नाही. माझ्या माहेरी शेती होती, पण वडील गेल्यावर मी भावांना हक्कसोड करून दिलं. घ्यावा का वाडा? – एक वाचक, ठाणे

उत्तर :

ताई,

आधी इसाराचं सांगतो, नाहीतर माझं उत्तर वाचून होईपर्यंत तुमचे मिस्टर चेक लिहून मोकळे होतील. देऊ नका. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकतोय. जुनी घरं दुरुस्त करणं हा माझा धंदा. सातारा-सांगली पट्ट्यातले बरेच वाडे मी छपरावर चढून आणि जोत्याखाली वाकून पाहिलेत. नदीकाठचा एवढा मोठा वाडा आठवड्यात विकला गेला असं एकदाही झालेलं नाही. वर्षानुवर्षं पडून असतात. तुम्हाला वेळ आहे.

आता मला सांगा, त्या दोन रात्री तुम्ही नेमक्या कुठे झोपलात? पत्राच्या मधल्या भागात (तो इथे कापलाय) तुम्ही खोलीचं वर्णन केलंय. अंगणातून चार पायऱ्या उतरून जायचं, मोठ्या काचेच्या खिडकीतून थेट नदी, आणि दगडी भिंतीत एक जुनी लोखंडी कडी, तिला कंदील टांगलेला. ताई, तो गोठा. त्या कडीला गाय बांधत होते.

मला त्या गायीचं काही नाही. माझा जीव अडकलाय तो चार पायऱ्यांत.

वाडा बांधणारी माणसं घरासाठी आवारातली सगळ्यात उंच जागा धरायची, वर आणखी कमरेएवढं जोतं. गोठा, पागा, वैरणीची खोली हे सगळं खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला. पाणी पाजायला जवळ पडतं, शेणामुताचा ओघळ घराकडे येत नाही, आणि पूर आला तर गुरं सोडून वर हाकलता येतात. माझं आजोळ कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठचंच. आषाढ लागला की आजोबा गोठ्यातल्या साखळ्या काढून ठेवायला लावायचे. मग दावी, आणि तीही सरकगाठीनं, एका हिसक्यात सुटेल अशी. गडी पावसाळ्यात गोठ्यात झोपायचा नाही, वर सोप्यात झोपायचा. म्हणजे जी जागा पावसाळ्यात गड्यालाही झोपायला दिली नाही, ती आज पाहुण्यांना रात्रीच्या हजारो रुपयांना देताहेत, आणि ती आपण विकत घ्यावी असं तुम्हाला वाटतंय.

वाईला गेलात तेव्हा ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलंच असेल. पुढून सगळेच घेतात. पुढच्या वेळी देवळाच्या मागे जाऊन बघा. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेल्या त्या देवळाची मागची भिंत सरळ नाही. होडीच्या नाळेसारखी निमुळती केलीय, पुराचा लोंढा भिंतीवर आपटण्याऐवजी दोन्हीकडे फाकून जावा म्हणून. पात्राला खेटून बांधायचं तर नदीला किती मान द्यावा लागतो, ते त्या दगडात दिसतं. आणि आपल्या गोठ्याच्या नदीकडच्या भिंतीला काय आहे? जमिनीपर्यंत काच.

एजंट म्हणेल, वर धोम धरण आहे, आता पूर कुठला. धोमची साठवण साडेतेरा टीएमसी आहे. धरण भरेपर्यंत पाणी अडतं हे खरं, पण भरल्यावर येईल तेवढं खाली सोडावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा मुसळधार पावसातच. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. वाई तालुक्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. 2005, 2019 आणि 2021 ला खाली सांगलीत काय झालं ते टीव्हीवर तुम्हीही पाहिलंय. सांगलीइतकं पाणी वाईत साचत नाही, उतार जास्त आहे. पण गोठ्यात शिरायला तेवढं लागतही नाही.

त्यामुळे पहिला कागद मागायचा तो पूररेषेचा. जलसंपदा खातं नदीच्या दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, तिथे शेती, बाग, मैदान एवढंच. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येतं. ‘पंचवीस वर्षांत एकदा’ ऐकलं की माणूस म्हणतो, म्हणजे आपल्या हयातीत येणार नाही. तसा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, दरवर्षी नव्यानं. तुम्ही तिथे पंधरा वर्षं राहणार असाल तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. बहात्तराव्या वर्षी, रात्री दोन वाजता, खालच्या खोल्यांत पाहुणे झोपलेले असताना त्यांना उठवायला कोण जाणार, हे आजच ठरवून ठेवा.

आणि रेषेच्या नकाशाइतकाच भरवशाचा माणूस म्हणजे त्या घरचा जुना गुराखी किंवा गडी, हयात असला तर. त्याला ‘इथे पूर येतो का’ असं विचारू नका, मालकासमोर तो नाहीच म्हणेल. ‘पाणी चढलं की जनावरं कुठे न्यायचात’ असं विचारा.

आता भिंती. डिसेंबरात तुम्हाला त्या सुंदर दिसल्या, कारण डिसेंबरात सगळ्याच भिंती सुंदर दिसतात. गोठ्याच्या भिंतीत आणि जमिनीत शंभर-दीडशे वर्षं गोमूत्र मुरलेलं असतं. त्यातून नायट्रेटचे क्षार तयार होतात. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा गोठ्याजवळच्या मातीतूनच काढायचे. पावसाळ्यात ओल वर चढते, हे क्षार घेऊन पृष्ठभागावर येते, आणि पांढरा फुलोरा धरतो. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ओल निघून तरी जायची. रूपांतर करणाऱ्यानं जर आतून सिमेंटचा गिलावा मारून वर महागडा रंग दिला असेल, तर ओल कोंडते आणि तीन-चार वर्षांत गिलावा फुगून पापुद्र्यांनी गळायला लागतो. मग मालक तिथे लाकडाची पॅनेलं लावतो किंवा कपाट सरकवतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा पलंगाच्या मागे बघा, कपाट ओढून बघा. हाताला मीठ लागतं का पाहा. हो, चाखून पाहिलंत तरी चालेल, आम्ही पाहतो.

बाथरूम चार आहेत ना? त्यांचं सांडपाणी कुठे जातं? नदीच्या पातळीच्या जरा वर असलेल्या जमिनीत शोषखड्डा केला असेल, तर पावसाळ्यात जमीनच पाण्यानं भरलेली असते. खड्डा शोषणार काय? तेव्हा ते एक तर नदीत जातं किंवा कमोडमधून परत वर येतं.

पेवाचं वाइन सेलर वाचून मात्र मी मोठ्यानं हसलो. आमच्या मंडळींनी विचारलं काय झालं. वाईकडची माणसं हळद पिकवणारी, पेवाची किंमत त्यांना माहीत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवंच पेवं होती, 2005 च्या पुराचं पाणी त्यांत शिरलं आणि त्यांची वाट लागली. जमिनीखालचं पेव पुराच्या टापूत असलं तर त्याचं काय होतं, याचं दुसरं उदाहरण नको. शिवाय बंद पेवात उतरण्याआधी दिवा सोडून बघायची जुनी रीत आहे. दिवा विझला तर माणूस खाली सोडत नाहीत. सेलरमध्ये हवा खेळती ठेवायची सोय आहे का, की फक्त पिवळे दिवे लावलेत?

इथपर्यंत सगळं पाण्याचं झालं. आता कागदांचं, आणि तिथे गोष्ट आणखी मजेदार आहे.

जाहिरातीत एकच मालमत्ता दिसते, 2 एकर 10 गुंठे. कागदावर त्या बहुतेक दोन असणार. वाडा आणि त्याचं अंगण गावठाणात. त्याला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. स्वामित्व योजनेत 2020 नंतर गावोगावची गावठाणं ड्रोननं मोजून या पत्रिका दिल्या जाताहेत. ती मागा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि घरपट्टीची पावती दाखवतील, पण घरपट्टी भरणारा मालकच असतो असं नाही. खालचा भाग, जिथे गोठा आणि पागा आहे, तो मात्र गावठाणाबाहेर सर्व्हे नंबरात असण्याची दाट शक्यता. म्हणजे शेतजमीन.

शेतजमीन महाराष्ट्रात कुणालाही घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम 63 म्हणतं, बिगरशेतकऱ्याला ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलं होतं, तेव्हा तुम्ही खातेदार होतात. हक्कसोड केलंत त्या दिवशी ते संपलं. मी तुम्हाला दोष देत नाही. आमच्या पिढीतल्या किती बहिणींनी राखीला साडी आणि दिवाळीला माहेर चालू राहावं म्हणून सही करून दिली, ते मोजायला बसलो तर सदर पुरणार नाही. पण एवढं खरं, की त्या एका सहीनं तुम्ही आज या जमिनीच्या ग्राहक राहिला नाहीत.

एजंटकडे यावर दोन उपाय तयार असतील. एक, ‘शेतकरी दाखला काढून देतो’. खोट्या दाखल्यावर घेतलेल्या जमिनीचा व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे तुमचे जातात, एजंटचं कमिशन जात नाही. दुसरा, ‘भावाच्या नावावर घ्या, ते शेतकरी आहेत’. पैसे तुमचे, नाव भावाचं, याला कायद्यात बेनामी म्हणतात. आणि ज्या भावांना तुम्ही एकदा हक्क सोडून दिलात, त्यांच्याच नावावर आयुष्याची पुंजी पुन्हा टाकायची? भाऊ चांगले असतील. भाच्यांचं काय सांगावं.

बरं, समजा परवानगी मिळाली. शेतजमिनीवर गोठा, अवजारांची खोली, शेतकऱ्याचं राहतं घर हे शेतघर म्हणून चालतं. त्याच गोठ्यात पैसे घेऊन पाहुणे उतरवायला लागलात की तो अकृषिक वापर झाला. त्याची परवानगी, म्हणजे एनए, आहे का? गेल्या काही वर्षांत हे नियम बरेच सैल झालेत, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असलेल्या जमिनीला तर वेगळी सोपी वाट आहे. तलाठ्याला विचारा (आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणा, नाहीतर तुम्हाला कुणी पत्ता सांगणार नाही). पण निळ्या रेषेच्या आत असेल तर कुठल्याच वाटेनं सुटका नाही. वीजजोड घरगुती आहे की व्यापारी, तेही बिलावर बघा. बिल खोटं बोलत नाही.

म्हणजे बघा काय झालंय. वाडा कोरडा आहे, तुम्हाला कायद्यानं घेता येतो, पण त्यातून पैसा येत नाही, उलट जातो. पैसा येतो तो गोठ्या-पागेतून, आणि ती जागा ओली आहे, बहुधा विनापरवाना आहे, आणि तुम्हाला घेताच येत नाही. जाहिरातीनं दोन्हींची मोट बांधून एक किंमत लावली आहे. पहिल्याची इभ्रत, दुसऱ्याची कमाई.

‘खासगी घाट’ हे शब्द तर काट मारून टाका. नदीचं पात्र सरकारचं. घाट पूर्वजांनी बांधला असेल, पण गाव तिथे धुणं धुतं, गौरी-गणपती बोळवतं, दहावं घालतं. त्या घाटाकडे जायची वाट आवारातून आहे का? असली तर ती वहिवाटीची वाट आहे आणि फाटक लावून ती बंद करता येणार नाही. कुणी लावलंच, तर गावकरी मामलेदाराकडे जातील आणि फाटक उघडून घेतील, त्यासाठीचा कायदा 1906 पासून आहे. तुमचे पाहुणे सकाळी खिडकीत कॉफी घेत बसलेले आणि समोर पिंडाला कावळा शिवायची वाट पाहणारी माणसं, हे दृश्य मी एका ठिकाणी पाहिलंय. पाहुण्यांनी फोटो काढले. पुढे काय झालं ते लिहीत नाही.

घाटावर देऊळ आहे का, हेही तुम्ही लिहिलं नाही. असेल तर त्याच्या दिवाबत्तीसाठी पूर्वी जमीन इनाम दिलेली असते, आणि देवस्थान इनामाची जमीन विकता येत नाही. सातबाऱ्यावर देवाचं नाव मालक म्हणून आणि घरच्यांचं वहिवाटदार म्हणून दिसतं. वाड्यांच्या आवारात असे पाच-दहा गुंठे बेमालूम मिसळलेले असतात. तसंच सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलेलं दिसलं तर थांबा. जुनं वतन, पुन्हा बहाल केलेली जमीन, कुळाला मिळालेली जमीन, यातलं काहीतरी असतं, आणि विकायला आधी सरकारची परवानगी लागते. फेरफारांची (म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींची) साखळी मागे नेत पन्नासच्या दशकापर्यंत वाचून काढा. सातारा जिल्ह्यात इनामं खालसा झाली आणि कुळं मालक झाली ती त्याच काळात.

पेशवेकालीन आहे का? आपल्याकडे जुनं म्हटलं की पेशवेकालीन, जसं पातळ म्हटलं की पैठणी. पेशवाई 1818 ला संपली. मंगलोरी कौलांचे कारखाने बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेनं 1860 च्या दशकात काढले, त्यामुळे छपरावर ती असतील तर छप्पर तरी पेशव्यांचं नाही. पण छपरं बदलतात, त्यावरून वाडा नवा ठरत नाही. ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब आणि कठडे दिसले तर तेवढा भाग तरी इंग्रजी अमलातला धरा. चपट्या विटा, चुन्याची दर्ज, सागाच्या तुळया दिसल्या तर बोलायला जागा आहे. खरा पुरावा कागदाचा. शेजारच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, चौकामागून चौक, मागे कृष्णेचा घाट, घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा. त्या वाड्याचं दफ्तर आहे, इतिहासाचे अभ्यासक ते वाचत आलेत. तुमच्या वाड्याच्या मालकांकडे एखादी सनद, निदान घराण्याची नोंद असलेला जुना कागद आहे का? नसला तर ‘पेशवेकालीन’ या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका. आणि असला तरी फार देऊ नका, कारण वाळवीला इतिहास कळत नाही. (जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम नाही आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन, हे जाता जाता तपासा.)

मालक चार भावंडं म्हणालात. चौघांच्या सह्या, त्यांच्या बहिणींसह. आत्या आहेत का? आत्यांची मुलं? मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हिस्सा 2005 च्या दुरुस्तीनं मिळाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 ला वडील हयात असण्याची अट नाही. पूर्वी ‘बहिणींचा काय संबंध’ म्हणून झालेले व्यवहार आता कोर्टात आहेत. तुम्ही स्वतः बहीण आहात, तुम्हाला हे मी समजावायला नको. अमेरिकेतल्या भावाचं आणखी एक आहे. तो अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर तुम्ही कापायचा कर नेहमीचा 1 टक्का नसतो, बराच जास्त असतो, आणि कमी कापला तर जबाबदारी तुमच्यावर येते. हे एजंट सांगत नाही. सीएला विचारा.

आता 18 लाख. बँकेत आयुष्य काढलंत, हा हिशेब तुम्ही माझ्याआधी करायला हवा होता, पण स्वर्गात हिशेब सुचत नाही हे समजू शकतो. चार खोल्या, रात्रीचे साडेचार हजार. 18 लाख व्हायला प्रत्येक खोली वर्षात 100 रात्री भरली पाहिजे. बावन्न आठवड्यांचे शुक्रवार-शनिवार धरले तर 104 रात्री होतात. म्हणजे जुलैतला धो धो पाऊस, मार्चमधल्या परीक्षा, पितृपक्ष, सगळ्यासकट जवळपास प्रत्येक शनिवार-रविवारी चारही खोल्या गच्च. बुकिंगच्या नोंदी आणि बँकेचे उतारे मागा. शिवाय ही आवक झाली. स्वयंपाकीण, गडी, चादरी धुणं, वीज, दरवर्षी मृगाच्या आधी कौलं चाळणं, माकडांनी फोडलेली कौलं बदलणं, वाळवीचा बंदोबस्त, हे सगळं त्यातून वजा. आणि काहीच वजा केलं नाही तरी 3 कोटी 80 लाखांवर 18 लाख म्हणजे पावणेपाच टक्के. मुदतठेवीत याहून जास्त मिळतं, आणि मुदतठेवीला लोणा लागत नाही.

मुलीला सांगा, आईला वेड लागलेलं नाही. साठीला आलेल्या माणसाला नदीकाठी सकाळी उठावंसं वाटणं हे फार शहाणपणाचं आहे. पण ठाण्याचा फ्लॅट विकायचा नाही. वाईपासून सातारा 35 किलोमीटर, आणि रात्री छातीत दुखलं तर ते अंतर वाढतं. मिस्टरांनाही हे वाक्य वाचून दाखवा. माझ्यावर चिडले तर चिडू देत.

माझं मत विचाराल तर असं. या किमतीला, या गाठोड्यात, नाही. मालकांना सांगा की गावठाणातला वाडा, अंगण आणि कोठार एवढ्याचीच किंमत सांगा, स्वतंत्र मिळकत पत्रिकेसह. कोठार म्हणतोय, कारण धान्य ठेवणारा माणूस ओल ओळखून जागा निवडतो. चार खोल्यांतली तीच एक मला भरवशाची वाटते. खालची जमीन आणि गोठा-पागा मालकांनी स्वतःकडे ठेवावी. ते शेतकरी आहेत, कृषी पर्यटनाचं सरकारी धोरण 2020 पासून आहे, त्यांना रीतसर काही करता येत असेल तर करतील. तुम्हाला दोन पाहुणे ठेवायची हौस असेल तर वाड्यातल्याच माडीच्या खोल्या पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदवता येतात. वेगळी किंमत सांगायला ते तयार झाले नाहीत, तर समजा की वाड्याला त्यांच्या लेखीही फारशी किंमत नाही, सगळी किंमत गोठ्याची आहे. किंमत परवडली तर स्थानिक नव्हे, साताऱ्याचा किंवा पुण्याचा वकील धरा, तीस वर्षांचा शोध घ्या, दोन पेपरांत जाहीर नोटीस द्या, आणि मगच साठेखत (विक्रीचा करार) नोंदवून त्यातच इसाराची रक्कम लिहा. कोऱ्या पावतीवर नाही.

हे सगळं करण्याआधी एक स्वस्तातलं काम. श्रावणात जा. डिसेंबरातला दर द्यावा लागला तरी द्या, पण पूर्ण आठवडा राहा. कोठारातली खोली मागा, गोठ्यातली नको. सकाळी छत्री घेऊन त्या चार पायऱ्यांपाशी उभ्या राहा आणि वरून किती पायऱ्या दिसताहेत ते रोज लिहून ठेवा. गुराख्याला चहा पाजा. मग मला परत लिहा, आणि या वेळी पलंगामागच्या भिंतीचा फोटो पाठवा, नदीचा नको.